पहिली २०० किलोमीटरची बीआरएम: नवख्यांचे नेहमीचे प्रश्न

दिवाळीचा फराळ संपत आला की लोक मला जिन्यात, पार्किंगमध्ये गाठून २०० किलोमीटरच्या सायकल राइडबद्दल हे प्रश्न विचारायला लागतात. मी कोच नाही. पुण्यात राहतो, नोकरी खुर्चीवरची. पहिली २०० केली तेव्हा ४४ वर्षांचा होतो आणि त्याआधी माझं सायकलिंग म्हणजे रविवारी सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जाऊन भजी खाऊन परत येणं. तेव्हा उत्तरं त्याच बेतानं घ्या.

ही शर्यत असते का?

नाही, आणि हे आधी डोक्यात पक्कं बसवा, कारण निम्मे घोटाळे इथेच होतात. बीआरएम म्हणजे ब्रेव्हे दे रांदोनर माँदियो. ठरलेलं अंतर ठरलेल्या वेळेत, स्वतःच्या जिवावर पूर्ण करायचं. पहिला, दुसरा, तिसरा असा क्रमांक नसतो. तुम्ही आठ तासांत आलात काय आणि शेवटच्या पाच मिनिटांत धापा टाकत आलात काय, मान्यता दोघांना सारखीच.

मूळ फ्रान्सचं. पॅरिसचा ओडॅक्स क्लब हा १९०४ सालचा, आणि जगभरच्या बीआरएमना मान्यता आजही तिथूनच मिळते. भारतात हे काम ओडॅक्स इंडिया रँडोनर्समार्फत चालतं आणि शहरोशहरीचे क्लब राइड भरवतात. ‘ओडॅक्स’ या लॅटिन शब्दाचा अर्थ धीट. १८९७ साली काही इटालियन सायकलस्वार रोमहून नेपल्सला, सुमारे २३० किलोमीटर, एका दिवसाच्या उजेडात गेले, तेव्हापासून हे नाव चिकटलं.

वेळेची मर्यादा अशी: २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला २०, ४०० ला २७, ६०० ला ४० आणि १००० ला ७५ तास. घड्याळ एकदा सुरू झालं की थांबत नाही. तुम्ही चहा पीत असता तेव्हाही ते चालूच असतं.

मग मला शर्यतच करायची असेल तर?

पुण्याहून गोव्याला जाणारी डेक्कन क्लिफहँगर आहे, ६०० किलोमीटरच्या वर. तिथे क्रमांक असतात, मागे गाडी आणि माणसं घेऊन जावं लागतं आणि ती अमेरिकेतल्या ‘रेस अक्रॉस अमेरिका’ची पात्रता फेरी आहे. ती अमेरिकेची, साधारण ४,८०० किलोमीटरची शर्यत २०१५ मध्ये नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी दोघांच्या संघात पूर्ण केली. २०१७ मध्ये लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुलनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्यानं पुरी केली. पण तुम्ही नवखे आहात ना? आधी २०० करा.

साडेतेरा तास पुरतात का? मी काही फार वेगात चालवत नाही.

हाच खरा प्रश्न. कागद घेऊन बसू.

सायकल फिरत असताना तुमचा सरासरी वेग ताशी २० असेल तर २०० किलोमीटरला १० तास लागले. उरले साडेतीन. वेग १८ असेल तर ११ तास ७ मिनिटं, उरले २ तास २३ मिनिटं. म्हणजे १८ नं चालवणारा माणूसही आरामात पोचतो. मग लोक चुकतात कुठे? थांब्यांवर. दर वेळी वीस मिनिटं असे आठ थांबे घेतले की २ तास ४० मिनिटं गेली, आणि १८ वाला बाद. पाय शाबूत, सायकल शाबूत, आणि माणूस बाद.

माझ्या पहिल्या राइडचा हिशेब सांगतो. पहाटे ६ ला सुरुवात, संध्याकाळी ७ वाजून ५ मिनिटांनी परत. एकूण १३ तास ५ मिनिटं. त्यातली चाकं फिरली १० तास १० मिनिटं. बाकीचे २ तास ५५ मिनिटं मी उभा होतो, बसलो होतो नाहीतर मिसळीची वाट बघत होतो. एकट्या मिसळीला पन्नास मिनिटं! आम्ही सहा जण. दोघांना मध्यम, एकाला तिखट, एकाला दही वेगळं. मग पाव संपले, ते येईपर्यंत चहा. मग कुणीतरी म्हणालं फोटो काढू. वेग वाढवून ती पन्नास मिनिटं भरून काढायची तर उरलेलं सगळं अंतर ताशी अडीच-तीन किलोमीटर जास्त वेगानं मारावं लागलं असतं. आपल्याच्यानं ते होत नाही. न थांबणं होतं.

म्हणून कुणी विचारलं की वेग कसा वाढवू, तर मी आधी विचारतो, थांबता किती?

कंट्रोल म्हणजे काय? तिथे काय करायचं?

वाटेत ठरवून दिलेली ठिकाणं. तिथे वेळेत पोचल्याचा पुरावा लागतो: ब्रेव्हे कार्डावर (राइडच्या नोंदीचं कार्ड) सही-शिक्का, किंवा एटीएमची पावती, किंवा हॉटेलचं वेळ छापलेलं बिल. कुठे कुठे आता हे मोबाइलवर होतं. तुमचा क्लब काय मागतो ते आदल्या दिवशीच विचारून ठेवा. एटीएमवर भिस्त असेल तर एक अनुभवाचा बोल: मशीनमधला कागद नेमका त्याच दिवशी संपलेला असतो. शेजारच्या दुकानातून पाण्याची बाटली घ्या आणि वेळेसकट बिल मागा.

प्रत्येक कंट्रोल उघडण्याची आणि बंद होण्याची वेळ असते. १०० किलोमीटरवरचं कंट्रोल सुरुवातीपासून ६ तास ४० मिनिटांनी बंद होतं, म्हणजे ६ ला निघालात तर १२:४० ला. ते २ तास ५६ मिनिटांच्या आधी उघडतही नाही, पण ती काळजी तुम्हाआम्हाला नाही.

कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. घामानं शाई फुटते आणि सही कुणाची ते शोधत बसावं लागतं.

माझ्याकडे हायब्रिड (रोडबाइक आणि डोंगरी सायकल यांच्या मधली) आहे. बारीक टायरांची रोडबाइक घ्यावी का?

नको. निदान पहिल्या २०० साठी तरी नको. मी हायब्रिडवरच केली. एमटीबीवर, म्हणजे डोंगरी सायकलीवर, करणारे आहेत, एका गिअरच्या सायकलीवर करणारेही आहेत. नियम एवढाच की सायकल माणसाच्या ताकदीवर चालली पाहिजे. बॅटरीवाली चालत नाही.

पैसे घालायचेच असतील तर गुळगुळीत, बऱ्यापैकी टायरांत घाला. २८ ते ३५ मिलिमीटर रुंदीचे आपल्या रस्त्यांना सोसतात. एमटीबीचे गुट्ट्यांचे टायर मात्र बदला; दिवसभर घरघर ऐकत जाल आणि दमाल उगाच. आणि सर्व्हिसिंग राइडच्या आदल्या संध्याकाळी करू नका. आठवडाभर आधी करा, मग एक ५० किलोमीटरची फेरी मारून काय ढिलं राहिलंय ते बघा.

नियमानं काय काय लागतं?

हेल्मेट, पुढचा पांढरा आणि मागचा लाल दिवा, चमकणारं जॅकेट. यातलं एक नसेल तर सुरुवातीलाच बाजूला काढतात आणि ते बरोबरच आहे. डिसेंबरात पुण्यात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि तुमची वेळ साडेसातपर्यंत आहे. म्हणजे शेवटचा दीड तास अंधाराचा धरूनच चला.

तयारीला किती दिवस लागतील?

आज ३० किलोमीटर न कण्हता जात असाल तर आठ-दहा आठवडे. आठवड्यात दोन दिवस तास-दीड तास, आणि रविवारी एक लांब राइड: ४०, ५०, ६०, मग ८०, १००, शेवटी १२०-१३०. २०० ची रंगीत तालीम करायची गरज नाही. १२० नीट झालं, म्हणजे घरी येऊन जेवून, कपडे वाळत घालून, मुलांचा अभ्यास घेता आला, तर २०० होतं.

रविवारची ती लांब राइड मात्र खऱ्या राइडसारखीच करा. तेच कपडे, तेच खाणं, पाठीला सॅक नाही. आणि थांबण्याचाही सराव करा. गंमत नाही करत. टपरीवर सायकल टेकवली की घड्याळ लावा: बाटल्या भरा, लघवी, केळं, चला. दहा मिनिटांत जमतं. पहिल्यांदा पंचवीस लागतात.

काय खायचं?

भूक लागायच्या आधी खायचं. तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात गेली पाहिजेत. मध्यम केळ्यात साधारण २५ असतात. खिशात मावतं आणि चालवता चालवता खाता येतं ते उत्तम: केळी, खजूर, राजगिऱ्याचा लाडू, शेंगदाण्याची चिक्की. (चिक्की उन्हात वितळून कागदाला चिकटते. आधी तुकडे करून ठेवा.) माझी बायको गूळपोळीचे चतकोर करून देते, एनर्जी जेलच्या पाकिटापेक्षा ते मला कितीतरी बरं.

हॉटेलात बसायचं झालं तर इडली, पोहे, दहीभात. तयार असतं, लगेच येतं. मिसळीबद्दल वर बोललोच आहे. वेळ सोडा, ती तर्री ८० व्या किलोमीटरला पोटात काय करते ते घाटात कळतं. वडापाव एक चालतो. चार नाही.

पाणी तासाला अर्धा ते पाऊण लिटर, एका बाटलीत साधं, दुसरीत ओआरएस. नुसतं पाणीच पीत राहिलात तर दुपारी डोकं हलकं होतं, मळमळतं आणि पोटऱ्यांत गोळे येतात. मीठ हवंच.

पंक्चर झालं तर?

होणारच. हायवेच्या कडेला ट्रकचे टायर फाटून त्यातल्या केसाएवढ्या तारा पडलेल्या असतात, त्या टायरमध्ये घुसतात. म्हणून नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून बोट फिरवा, हळू, कारण तार बोटातही जाते. ती तार तशीच राहिली तर नवी ट्यूबही दहा मिनिटांत बसते. जवळ हवं: दोन ट्यूब, टायर काढायचे लिव्हर, छोटा पंप, पॅच, मल्टीटूल.

आता माझी फजिती. सराव राइडला शिरवळच्या अलीकडे मागचं चाक बसलं. मी ऐटीत चाक काढलं, तार शोधली, सुटी ट्यूब काढली, आणि बघतो तर तिचा व्हॉल्व्ह मोटारसायकलसारखा जाड. माझ्या रिमला भोक बारीक, प्रेस्टा नावाच्या बारीक व्हॉल्व्हचं. साडेसहा मिलिमीटरच्या भोकात साडेआठचा व्हॉल्व्ह कसा जाणार? ट्यूब सहा महिने पिशवीत होती, एकदाही उघडून पाहिली नव्हती. ढकलत फाट्यावरच्या पंक्चरवाल्याकडे गेलो. जुन्या ट्यूबला पॅच त्यानं पाच मिनिटांत मारला, पण हवा? त्याच्या कॉम्प्रेसरचा नोझल माझ्या बारीक व्हॉल्व्हला बसेना. शेवटी माझ्या हातपंपानं तीनशे-चारशे झटके, आणि तो शेजारी बसून, ‘सायबा, एवढी महागाची सायकल आन् हवा भराया नळी न्हाई?’

तेव्हापासून पितळेचा एक अॅडाप्टर व्हॉल्व्हला कायम लावलेला असतो. नखाएवढा तुकडा, पंचवीस-तीस रुपयांत येतो. तो लावला की कुठल्याही पंक्चरवाल्याकडे हवा भरता येते. फक्त त्याला सांगा, थोडी थोडी सोड. ट्रकच्या हिशेबानं सोडली तर टायर फुटेल.

घरी बसून, चहा शेजारी ठेवून, पाच वेळा ट्यूब बदला. मागचीच. पुढची सगळ्यांनाच येते.

माझा भाऊ म्हणतो तो गाडी घेऊन मागून येतो. चालेल?

नाही. मदत घ्यायची तर फक्त कंट्रोलवर. रस्त्यात गाडी मागे-पुढे ठेवली तर बाद करू शकतात. वाटेतल्या दुकानातून घ्या, मेकॅनिककडे जा, दुसऱ्या रायडरकडून ट्यूब मागा, सगळं चालतं. दुसऱ्या रायडरच्या मागे वाऱ्याच्या आडोशानं चालवलेलंही चालतं. भावाला सांगा, संध्याकाळी फिनिशला ये आणि कोरडा टी-शर्ट घेऊन ये.

हायवेवर भीती वाटत नाही का?

वाटते, आणि वाटावी. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सायकलला बंदीच आहे. बाकीच्या महामार्गांवर डाव्या कडेची पांढरी रेघ हे आपलं घर. त्या रेघेच्या आत माती, काचा, कधी कुत्रं, कधी उलट दिशेनं येणारा दुचाकीवाला. नजर वीस-तीस फूट पुढे ठेवा. फाट्यावर आणि सर्व्हिस रोड जिथे मिळतो तिथे मागे वळून बघा, हातानं खूण करा. कानात गाणी नकोत.

माझी पहिली राइड पुण्याहून साताऱ्याकडची होती. कात्रजचा चढ अंधारात, गार हवेत जातो, म्हणून कळत नाही. खरी परीक्षा ६५ किलोमीटरच्या आसपासच्या खंबाटकीची. लोक तिथे पोचेपर्यंत जोशात असतात आणि घाटात जोर लावून मांड्या जाळून घेतात. करायचं उलट: घाट सुरू व्हायच्या आधीच सगळ्यात हलका गिअर टाका, बसून चढा, शेजारी बसलेल्याशी बोलता येईल इतक्याच दमानं. उतरून ढकलत गेलात तरी नियमात बसतं. मी दोनशे मीटर ढकलली.

येताना बोगदा होता. बोगद्यात शिरायच्या आधी गॉगल काढा. मी विसरलो. बाहेर दुपारचं लख्ख ऊन, आत एकदम काळोख, मागून ट्रकचा भोंगा भिंतींवरून चारी बाजूंनी येतोय आणि मला माझं पुढचं चाकसुद्धा दिसत नाही. एका हातानं गॉगल ओढून काढला तो दातात धरला आणि तसाच बाहेर पडलो.

आणि वारा?

वाऱ्याला इलाज नाही. दुपारी तो सुटतो, आणि नेमका परतीला समोरून. सायकल जड वाटायला लागली की माणूस आधी टायर बसलाय का ते बघतो, मग ब्रेक घासतोय का ते बघतो, मग शेतातला ऊस कुठे झुकलाय ते बघतो आणि कळतं. हलका गिअर, खाली वाका, दोघं-तिघं आळीपाळीनं पुढे रहा. वाऱ्याशी भांडू नका.

खूप बूड दुखतं. काय करू?

चड्डीवर पॅडची शॉर्ट घालू नका. पॅडची शॉर्ट थेट अंगाला. खोबरेल किंवा व्हॅसलिन भरपूर लावा. गादी जाड घेऊन फरक पडत नाही, उलट घासते. सीटची उंची बघा: टाच पॅडलवर ठेवून पाय खाली नेला की गुडघा जेमतेम सरळ व्हावा. कमी असेल तर गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखतं, जास्त असेल तर मागे, आणि कंबर डोलते ती वेगळी. दर अर्ध्या तासानं पॅडलवर उभं राहून दहा-बारा फेरे मारा. हातांना मुंग्या येत असतील तर हँडल आवळून धरताय; कोपर सैल सोडा.

बायकांना वेगळी वेळ असते का?

नसते. अंतर तेच, तास तेच. आमच्या वहिनी माझ्यापेक्षा चाळीस मिनिटं आधी आल्या होत्या, आणि मिसळीला त्या थांबल्या नव्हत्या. अडचण असते ती स्वच्छतागृहाची. मोठे पेट्रोल पंप आणि कुटुंबं थांबतात ती हॉटेलं आधीच नकाशावर बघून ठेवा. पाणी कमी पिणं हा त्यावरचा उपाय नव्हे. बऱ्याच जणी तेच करतात आणि दुपारी आजारी पडतात.

वेळेत नाही पोचलो तर?

डीएनएफ लागतं, म्हणजे अपूर्ण. आयोजकांना फोन करून सांगा. हे फार महत्त्वाचं, नाहीतर रात्री दहा वाजता ते तुम्हाला शोधत हायवेवर फिरतात. परत यायची सोय स्वतःच करायची असते. एसटीच्या टपावर किंवा रिकाम्या टेम्पोत सायकल टाकून लोक येतात. खिशात थोडी रोकड ठेवा.

उलट्या होत असतील, छातीत दुखत असेल, झोप डोळ्यांवर येत असेल तर वेळ शिल्लक असली तरी थांबा. चाळिशीपुढचे असाल तर तयारीला लागण्याआधी डॉक्टरांना एकदा दाखवून या.

मेडल मिळतं का?

मिळतं, पण फुकट नाही. मागवावं लागतं, पैसे वेगळे, आणि यायला महिने लागतात. माझं आलं तोपर्यंत मी ते विसरलो होतो.

२०० नंतर पुढे काय?

१ नोव्हेंबर ते ३१ ऑक्टोबर या एका हंगामात २००, ३००, ४०० आणि ६०० पूर्ण केल्या की तुम्ही सुपर रँडोनर. त्याच्याही पुढे पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस. १८९१ साली ती शर्यत म्हणून सुरू झाली, आता शर्यत राहिलेली नाही. १,२०० किलोमीटर, जास्तीत जास्त ९० तास, दर चार वर्षांनी. २०२३ ला झाली, आता २०२७. त्याच वर्षी सुपर रँडोनर व्हावं लागतं तेव्हा तिथे उभं राहता येतं. ३०० ला गेलात की रात्र मध्ये येते आणि सगळं गणित बदलतं, तो वेगळा विषय.

राइड रविवारी आहे. सोमवारी ऑफिसला जाता येईल का?

येईल. जिना उतरताना कठड्याला धरून उतरा, चढायला काही वाटत नाही. आणि रविवारी रात्री झोपायच्या आधी पाणी प्या, जेवा. नुसतं आडवं पडलात तर तीन वाजता पोटरीत गोळा येऊन सगळं घर उठवाल.